साडेतीन वर्षांच्या पोराचं प्रगतिपुस्तक आणि त्यात ४२ रकाने!

कोथरूडची आई: परवा नर्सरीची पीटीएम, म्हणजे पालक-शिक्षक मीटिंग झाली. हातात चार पानी प्रगतिपुस्तक, ४२ रकाने, प्रत्येकापुढे ए, बी नाहीतर सी. "रेषेवर गिरवतो" ला सी, "गटात बोलतो" ला सी. अहो साडेतीन वर्षांचा आहे तो! वर ॲपवर रोज फोटो, ते काढत बसल्यावर रडणाऱ्याला कडेवर कोण घेतं? नवऱ्याने त्याच संध्याकाळी गिरवायची वही आणली आणि आता वही दिसली की पोरगा पलंगाखाली जाऊन बसतो. माझं मत, या वयात नोंदीबिंदी काही नकोच, खेळू दे नुसतं.

दोन पोरींचा बाबा: सरसकट नको म्हणू नका. आमच्या धाकटीच्या टीचरने वहीत तीनदा तारखेसकट लिहिलं होतं, मागून हाक मारली तर वळत नाही, गोष्ट चालू असताना भलतीकडेच बघते. आम्ही म्हणायचो हट्टी आहे, आजीवर गेलीये. ईएनटीकडे नेलं तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं. टीचरने लिहिलं नसतं तर आम्ही अजून तिच्यावर ओरडतच असतो.

कोथरूडची आई: पण ती वही होती ना, त्यात ए बी सी कुठे होतं?

ठाणेकर: मला मात्र ए बी सीच हवंय. एवढी फी भरतो. थोरल्याच्या वेळी दर मीटिंगला "खूप गोड आहे हो" एवढंच ऐकलं आणि सीनियर केजी संपताना एकदम सांगितलं की मागे आहे. मग दोन वर्षं काय बघत होतात?

बालवाडीताई: २२ वर्षं बालवाडीत घालवलीत म्हणून बोलते. २८ मुलं, मी एक आणि मावशी एक. २८ गुणिले ४२ करा, ११७६ टिका. त्या कधी भरतात माहितीये? मीटिंगच्या आदल्या शनिवारी, डबा खाता खाता, निम्म्या अंदाजपंचे. ठाणेकर, तुम्ही ज्याच्यावर विश्वास ठेवायला बघताय ते हे आहे. त्यापेक्षा रोज तीनच मुलांकडे नीट बघायचं आणि दोन ओळी लिहायच्या, पंधरा दिवसांत सगळा वर्ग होतो. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या (३ ते ८ वर्षं) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही हेच आहे, या वयाला परीक्षा अजिबात योग्य नाहीत, मुलाचं निरीक्षण करा आणि त्याने केलेलं काम बघा. आणि गिरवण्याचं म्हणाल तर आधी बोटांत जोर यावा लागतो, कणीक मळू दे, मणी ओवू दे, कागद फाडून चिकटवू दे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला शंखशिंपले, बिया, पानं घेऊनच मुलं शिकवली. ती वही वर ठेवा.

ठाणेकर: ताई, दोन ओळी लिहिणारी टीचर मिळाली तर ठीक. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी टीचर बदलते, नवीन आलेलीला निदान रकाने तरी दिसतात.

बालवाडीताई: हे खरंय. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पगार बघितलेत का त्यांचे?

लेस्टरकर: इथे इंग्लंडमध्ये मूल दोन ते तीन वर्षांचं असताना नर्सरीला पालकांना एक छोटा लेखी आढावा द्यावाच लागतो, काय जमतंय, कुठे मदत हवी. कागदपत्रं फार झाली अशी ओरड होती, २०२१ च्या नवीन नियमांत ती कमी केली. माझ्या लेकीबद्दल आधी "फारसं बोलत नाही" अशी नोंद होती. मग त्यांनीच विचारलं घरी कोणत्या भाषेत बोलता, कारण इंग्रजी कच्चं असेल तर घरच्या भाषेत मूल किती बोलतं हे पालकांकडून समजून घ्यायचं असा इथला नियमच आहे. घरी ती मराठीत कान किटेपर्यंत बोलते! कोथरूडची आई, तुमची नर्सरी इंग्लिश मीडियमची का?

कोथरूडची आई: हो. आणि घरी शंभर टक्के मराठी. हे डोक्यातच आलं नाही हो.

दोन पोरींचा बाबा: मिसला विचारा, तो बोलतो कोणाशी. कानही एकदा तपासून घ्या, आमच्यासारखं नको.

कोथरूडची आई: विचारलं आज. वर्गात गप्प असतो म्हणाल्या, पण मधल्या सुट्टीत मावशींच्या मागे मागे फिरतो आणि त्यांच्या गावच्या म्हशीची चौकशी करतो. प्रगतिपुस्तकात मावशींचा रकाना नाहीये. कानाची अपॉइंटमेंट गुरुवारची मिळालीये.