फॅनी मेंडेल्सोनचंही असंच

संगीतकार मोझार्टची बहीण नानर्लही लहानपणी मैफलींचे दौरे करायची, पण ती वयात आली आणि तिचे दौरे थांबले. त्यावरून फॅनी मेंडेल्सोन आठवली, जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनची थोरली बहीण, स्वतःही संगीतकार. तेराव्या वर्षी या मुलीने वडिलांच्या वाढदिवसाला संगीतकार बाखची 24 प्रील्यूड (पियानोवर वाजवायच्या छोट्या रचना) पाठ वाजवली होती! दोनच वर्षांनी त्याच वडिलांनी तिला लिहून कळवलं, की संगीत कदाचित फेलिक्सचा पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो फक्त एक दागिना.

तिची काही गाणी धाकट्या भावाच्या नावावर छापली गेली. 1842 मध्ये बकिंगहॅम पॅलेसमध्ये राणी व्हिक्टोरियाने फेलिक्सच्या संग्रहातलं आवडतं गाणं गायलं, ते नेमकं फॅनीचं निघालं. त्याने तिथल्या तिथे कबूल केलं, जड गेलं तरी. मला फेलिक्स दुष्ट वाटत नाही. बहिणीच्या कानावर त्याचा फार भरवसा होता. पण तिने स्वतःचं काही छापावं, हे त्याला रुचत नसे, आणि याचा मला मनापासून राग येतो.

शेवटी 1846 मध्ये, चाळिशीत, तिने स्वतःच्या नावाने छापायला सुरुवात केली. पुढच्याच मे महिन्यात बर्लिनच्या घरी रविवारच्या मैफलीची तालीम चालू असताना तिला पक्षाघाताचा झटका आला, आणि त्याच दिवशी ती गेली. तालीम भावाच्याच रचनेची होती. तिचा ‘ईस्टर सोनाटा’ (पियानोसाठीची एक मोठी रचना) तर कित्येक वर्षं फेलिक्सचाच समजला जात होता. नक्की ऐका.