मदत हवी आहे: हजेरीचे नियम कसे लिहावेत?

नमस्कार मंडळी. पुढच्या सत्रापासून एक विषय पूर्णपणे माझ्याकडे येतोय. पहिल्याच तासाला मुलांच्या हातात नियमांचं एक पान द्यायचंय आणि घोडं हजेरीपाशी अडलंय.

समजा ४० तास आहेत आणि ७५ टक्के हजेरी सक्तीची, म्हणजे १० तास बुडवायची मुभा. मुलं ही मुभा हक्काच्या रजेसारखी आधीच उडवतात आणि शेवटी खरोखर आजारी पडलेला लटकतो. मग डॉक्टरांचा दाखला दिलेले तास या दहांतच धरायचे की वेगळे? वेगळे धरले की दाखल्यांचा पाऊस पडतो.

शिवाय कागद बाकांवरून फिरवला की एकाच शाईतल्या, एकाच वळणाच्या तीन-तीन सह्या परत येतात. नावं पुकारावीत तर मोठ्या वर्गात तासाचा चांगला तुकडा त्यातच जातो. उशिरा येणाऱ्याला अर्धी हजेरी हा प्रकार मला पटत नाही. त्याचा हिशेब ठेवत बसणार कोण?

वर्तनाबद्दल फार लिहायचं नाही. मोबाइल बंद, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून द्यायचं नाही, बस. बुडालेल्या तासाच्या नोट्स मिळवणं ही विद्यार्थ्याचीच जबाबदारी, हे मात्र ठळक अक्षरात टाकणार.

ज्यांनी असं पान स्वतः लिहिलंय, त्यांनी दाखल्याचा नियम जसाच्या तसा इथे टाकाल का? आणि हजेरीला गुण द्यावेत की नुसती परीक्षेला बसण्याची अट ठेवावी?