चरबीचं हार्मोन पोट सैल करतं, मग जाड माणसाला "ताबा नाही" का म्हणायचं?

धागाकर्ती:
परवा लग्नात जेवताना माझ्या बहिणीला चारचौघांत ऐकवलं, "जरा तोंडावर ताबा ठेव." तेव्हापासून डोकं फिरलंय. चरबी म्हणजे नुसता साठा नाही हो, ती हार्मोन सोडते, आणि त्यातलं अ‍ॅडिपोनेक्टिन जाड लोकांच्या रक्तात कमीच असतं. फ्लोरेन्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदराच्या जठराच्या वरच्या भागाच्या पट्ट्यांवर ते वापरलं, तर मज्जातंतू चेतवल्यावर स्नायू आवळायचा तो कमी आवळला आणि सैल जास्त पडला. स्नायूला सैल पडायला सांगणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनणं रोखलं की हा परिणाम गायब. पोट भरल्याची जाणीवच अशी हार्मोनवर चालत असेल तर त्या पोरीची काय चूक?

प्रतिसाद १:
ताई, बहिणीला बोलले ते वाईटच, पण तुम्ही उडी फार लांब मारताय. त्या पट्ट्या भांड्यात टांगलेल्या, त्यांना ना मेंदू ना भूक. आणि सैल पडलं म्हणजे जागा वाढली ना? ज्या अपचनाच्या पेशंटचं जठर जेवताना नीट सैल पडत नाही त्यांना चार घासांत गच्च होतं. तुमच्या हिशेबाने अ‍ॅडिपोनेक्टिन कमी असलेल्याचं पोट उलट लवकर भरायला हवं!

धागाकर्ती:
हे पटलं, याचा विचारच केला नव्हता मी. पण सैल पडलेल्या भागात अन्न थांबलं, पुढे सावकाश सरकलं, तर भूक उशिरा लागेल की. ते संशोधकही तृप्तीशीच संबंध जोडतात.

प्रतिसाद २:
लेप्टिनचं काय झालं आठवा, तेही चरबीचंच हार्मोन, मेंदूला "पुरे" सांगणारं. १९९४ ला सापडलं तेव्हा वाटलं लठ्ठपणा संपला. जन्मतःच लेप्टिन नसलेल्या मुलांना इंजेक्शनने खरंच जबरदस्त फरक पडला, पण बाकीच्या जाड लोकांच्या अंगात ते आधीच भरपूर असतं, मेंदूच दाद देत नाही, त्यामुळे बहुतेकांना फारसा उपयोग नाही झाला. तरी मी ताईंच्या बाजूने आहे, त्या मुलांना पण आधी हावरटच म्हणत असतील लोक.

प्रतिसाद १:
हावरट म्हणू नका याला माझा पाठिंबाच आहे, त्यासाठी उंदराची पट्टी कशाला हवी? माणसाच्या जठरात फुगा सोडून ते किती सैल पडतं ते मोजता येतं, बॅरोस्टॅट म्हणतात त्याला. जेवणाआधी आणि नंतर ते मोजा, सोबत रक्तातलं अ‍ॅडिपोनेक्टिन बघा, आणि दोन्ही जुळलं तर मी इथेच येऊन चूक कबूल करेन.