जॅझ अल्बमवर ऐकून खरंच कळतो का?

जागता_श्रोता
परवा एका मित्राशी यावरून बराच वाद झाला. तो म्हणे जॅझ समोर बसूनच ऐकायचा, रेकॉर्डिंग म्हणजे नुसता फोटो. मला अजिबात पटलं नाही. बिल इव्हान्सचा 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' घ्या. 25 जून 1961, न्यूयॉर्कमधला तळघरातला छोटासा क्लब, पियानोवर इव्हान्स, बासवर (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन, दिवसभरात पाच सेट, म्हणजे मध्ये थांबत वाजवलेल्या पाच फेऱ्या. पहिले कित्येक महिने मी फक्त पियानो ऐकत होतो, बास कुठेतरी खाली चालू आहे एवढंच. मग एका रात्री हेडफोन लावून ठरवलं की आज फक्त बास ऐकायचा, आणि 'ग्लोरियाज स्टेप'ला (ही लाफारोचीच रचना) अंगावर काटा आला. लाफारो ताल धरून नुसता मागे मागे चालतच नाही, इव्हान्सचं वाक्य पुरं व्हायच्या आधी मध्येच बोलतो, मग थांबतो, मग वरच्या पट्टीत जाऊन भलतंच काहीतरी काढतो. मागे ग्लास किणकिणतायत, लोक गप्पा मारतायत. त्या रेकॉर्डिंगनंतर 11 दिवसांनी लाफारो कार अपघातात गेला, वय 25. त्या दिवशी तिथे बसलेल्यांना हे एकदाच मिळालं, मला शंभरदा मिळालं. मग जास्त कुणाला कळलं?

खर्ज
तिथे बसलेल्यांना. स्पष्टच सांगतो. शंभरदा ऐकल्यावर लाफारो पुढे काय करणार हे तुम्हाला पाठ असतं, पण त्या क्षणी त्याचं त्याला तरी माहीत होतं का? ती धाकधूक हाच तर जॅझ. मी मुंबईत एका छोट्या जागेत पहिल्यांदा समोर बसून ऐकलं तेव्हा सॅक्सोफोनवाला सोलोच्या (एकट्याने ऐनवेळी सुचेल तसं वाजवायच्या भागाच्या) मध्यात अचानक थांबला, ड्रमरने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि काठ्या खाली ठेवून ब्रश (हलक्या आवाजासाठीचे तारांचे झुबके) उचलले, पुढची दोन मिनिटं अख्ख्या खोलीत कुणी हललं नाही. रेकॉर्डिंगमध्ये हे फक्त 'आवाज कमी झाला' एवढंच ऐकू आलं असतं.

तबकडीवाली
खर्ज, प्रसंग सुंदर सांगितलात, पण मग आपलं काय? गायिका केसरबाई केरकरांना समोर ऐकलेले आज किती जण आहेत? माझ्या आजोबांकडच्या तबकड्यांवरची तीन-साडेतीन मिनिटांची गाणी ऐकूनच मी त्यांना मोठं मानते, आणि त्या तीन मिनिटांत मला काही कमी मिळालं असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. समोर बसायचं भाग्य ठरावीक गावात, ठरावीक काळात जन्मलेल्यांचं. सांगलीत बसून ऐकणाऱ्या मुलीने काय करायचं?

अर्धमात्रा
मला तर 'फोटो' हा शब्दच चुकीचा वाटतो. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा 1969 चा अल्बम 'इन अ सायलेंट वे' समोर बसून कुणीच ऐकलेला नाही, कारण तो तसा वाजवलाच गेला नव्हता. स्टुडिओत वाजवलेल्याचं टेप कापून प्रोड्यूसर टिओ मॅसेरोने तो जोडला, तबकडीच्या दोन्ही बाजूंना सुरुवातीचा भाग शेवटी जसाच्या तसा परत येतो. तीच टेप, पण मधलं सगळं ऐकून झाल्यावर तेच सूर वेगळे लागतात. ही गोष्ट फक्त अल्बमच करू शकतो.

खर्ज
त्याला मग कात्रीचं संगीत म्हणा, मला आवडतंही ते. पण त्यावरून सोलो वाजवणाऱ्याची जोखीम कशी कळणार? तबकडीवाली ताई, सांगलीचा मुद्दा मान्य, मिळेल तसं ऐकावंच लागतं. माझं म्हणणं एवढंच की मिळालं ते पूर्ण आहे असं समजू नये.

जागता_श्रोता
जोखीम म्हणताय ना, मग ऐका. त्याच रविवारचं सगळं रेकॉर्डिंग 2005 मध्ये एकत्र आलं. त्यात 'ग्लोरियाज स्टेप' तीनदा आहे. पहिला टेक (एका वेळचं वाजवणं) मध्येच तुटतो कारण वीज गेली होती, आणि तो तसाच ठेवलाय. दुसरा नि तिसरा लागोपाठ लावा आणि फक्त लाफारोचा सोलो ऐका. रचना तीच, माणसं तीच, दिवस तोच, तरी तो वेगळ्याच वाटेने जातो. तो काय काय करू शकला असता आणि काय केलं हे शेजारी शेजारी ठेवून ऐकायला मिळतं. एकाच सेटला येऊन घरी गेलेल्या माणसाला हे कुठून कळणार?

तबकडीवाली
हे मी केलंय. तिसऱ्याला मी रडले होते.

खर्ज
हे मी कधी केलेलं नाही. माझ्याकडे फक्त मूळ अल्बम आहे, त्यात एकच टेक. आज रात्री दोन्ही लागोपाठ ऐकतो आणि उद्या लिहितो. ब्रश उचलण्याबद्दलचं मात्र मागे घेत नाही, ते डोळ्यांनी बघायचंच असतं.