डाळिंबाच्या काड्यांना पानं फुटली, आता कुंडीत लावू का?

सॅक्रामेंटोहून

मंडळी, नमस्कार.

आमच्या शेजारच्या आजोबांनी संक्रांतीच्या सुमारास त्यांचं डाळिंब छाटलं आणि मी हौसेनं त्यातल्या काड्या मागून घेतल्या. माझं माहेर सोलापूरचं, सात रस्त्याजवळचं; घरी शेती नव्हती, पण डाळिंबावाचून एक हिवाळा गेला नाही. काड्या ट्रेमध्ये ओल्या कोकोपीटमध्ये खोचून स्वयंपाकघराच्या खिडकीत, ओट्यावर ठेवल्यात. घरात हीटर चालू असतो. आता जवळजवळ सगळ्यांना लालसर कोवळी पानं आलीत, बघून फार छान वाटतंय. या शनिवारी त्या मोठ्या कुंड्यांमध्ये लावून मागच्या अंगणात ठेवाव्यात म्हणते. खत कुठलं घालू? आणि ज्यांना रोप हवंय त्यांनी आत्ताच सांगा, पाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन येईन.

यादीवर सोलापूरचे रोपवाटिकावाले काका आहेत. काका, जरा मार्गदर्शन करा.

सोलापूरहून

ताई, नमस्कार.

कुंडीत लावू नका. खत तर अजिबात नको. ट्रे जसा आहे तसा राहू द्या आणि हे आधी वाचा.

पान फुटलं म्हणजे काडी लागली असं नसतं. पक्व काडीच्या लाकडात पिष्ट साठलेलं असतं आणि डोळा, म्हणजे पान-फांदीचा कोंब, तर झाडावरच तयार होऊन आलेला असतो. ऊब आणि ओल मिळाली की तो त्या शिदोरीवर फुटतो. मुळाचं तसं नाही. ते कापाजवळ, सालीच्या आतल्या पेशींमधून नव्यानं घडावं लागतं, त्याला काही आठवडे जातात. तेवढ्यात वरची पानं मोठी होतात, त्यांच्यातून पाणी उडत राहतं, खालून पाणी ओढायला काही नसतं, आणि एका दुपारी सगळ्या काड्या माना टाकतात. लोक म्हणतात, इतकी छान फुटली होती, अचानक काय झालं? अचानक काहीच झालेलं नसतं. आमच्याकडे नवीन पोरं कामाला लागली की पहिले काही दिवस तीही पानं बघूनच खूश होतात. आम्ही त्यांना पिशवीचं बूड बघायची सवय लावतो.

काडी लागायची असेल तर बूड उबदार आणि शेंडा गार हवा. तुमच्या खिडकीत नेमकं याच्या उलट झालंय. हीटरनं वरची हवा तापते, म्हणून डोळे लवकर फुटले. आणि ट्रे थंडगार ओट्यावर, त्यात कोकोपीट ओलं, म्हणजे बूड गारठ्यात. तिकडे बी रुजवायला हीट मॅट मिळते, ती आणा. बुडाशी २१ ते २४ अंश सेल्सियस राहील असं बघा आणि ट्रे हीटर नसलेल्या खोलीत, भरपूर उजेडाच्या पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी हलवा. गॅरेजला खिडकी असेल तर उत्तम. इथे सोलापुरात आमचं दुखणं वेगळं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा बुडाच्या उबेची चिंता नसते, शेंडा गार ठेवण्यासाठी शेडनेट आणि फवाऱ्याचीच धावपळ असते.

आता पानं आलीच आहेत, तर ट्रेवर पारदर्शक प्लास्टिक झाका म्हणजे हवेत दमटपणा टिकेल. रोज थोडा वेळ उघडा, नाहीतर बुरशी येते. पानं फार असतील तर मोठी पानं अर्धी कापा, पण सगळी ओरबाडू नका. कोवळ्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं, ते देठातून खाली उतरतं आणि मूळ फुटायला तेच कामी येतं.

पाण्याचं सांगतो, कारण नवशिक्याच्या काड्या तहानेपेक्षा पाण्यानंच जास्त मरतात. कोकोपीट मुठीत दाबलं तर जेमतेम एखादा थेंब यावा. धार लागली तर ते जास्त ओलं आहे. घडणाऱ्या मुळाला हवा लागते, आणि पाण्यानं सगळ्या फटी भरल्या की ती मिळत नाही. मग बूड काळं पडतं, साल बोटाला लागून सरकते, वास येतो. तशी काडी लगेच काढून टाका, शेजारणीला बाधेल. याच कारणानं आमची काळी माती ज्वारीला सोनं, पण काड्या लावायला बिनकामाची. पुढच्या वेळी निम्मं धुतलेलं कोकोपीट आणि निम्मं परलाइट किंवा जाड वाळू घ्या. आत्ता मात्र मिश्रण बदलायला काड्या उपटू नका.

दर दोन दिवसांनी ओढून बघायचा मोह होईल. करू नका, नुकतं आलेलं मूळ केसासारखं तुटतं. सहा ते आठ आठवडे होऊ द्या, मग अगदी हलकेच ओढा. धरून ठेवल्यासारखं वाटलं तर मूळ आहे. त्याआधी एखादी काडी चुकून बाहेर आलीच आणि कापावर पांढरट, खडबडीत गाठ दिसली तर ते मूळ नव्हे, ती जखम भरून आलेली असते. तिला परत खोचा आणि थांबा.

पुढच्या हिवाळ्यासाठी काडी निवडण्याचंही आत्ताच सांगून ठेवतो. तुमच्याकडे थंडीनं डाळिंबाची पानं गळतात, तोच काळ योग्य. आमच्याकडे झाड आपणहून झोपत नाही, बहार धरायला पाणी तोडून ताण द्यावा लागतो आणि इथ्रेल हे पानं गाळणारं औषध मारून पानगळ करावी लागते. तुम्हाला ते फुकट मिळतं. पेन्सिलीएवढी जाड, २० ते २५ सेंटिमीटर लांब, चार-पाच डोळ्यांची काडी घ्या. हिरवी लवचिक नको आणि जुनाट लाकूडही नको. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या सेंटीमीटरभर वर, सरळ. काप वेगळे ठेवायचे कारण काडी उलटी लावली तर ती लागत नाही, आणि पानं नसलेल्या काडीचं डोकं कुठलं हे दहा मिनिटांनी ओळखू येत नाही. दोन तृतीयांश काडी आत जाऊ द्या. बुडातून सरळ वर येणारे पाणसोट आम्ही बागेत काढून टाकतो, पण त्यातली पक्व झालेली काडीही चालते.

तुमच्या सगळ्या काड्या लागणार नाहीत, पण हीट मॅट आणलीत तर निम्म्या तरी वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं.

फ्रीमाँटहून

काकांचं उत्तर मी मुलांना वाचून दाखवलं. मी इथे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून एक भर घालते: रूटिंग हार्मोन, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक.

इथल्या दुकानात जी पावडर मिळते तिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए असतं. डब्यावरचा टक्का वाचून घ्या. कोवळ्या काडीला ०.१ टक्का पुरतं, डाळिंबाच्या पक्व काडीला ०.८ टक्क्याची पावडर बरी. द्रावण करणार असाल तर आयबीए साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावं लागतं. पावडर काडी लावतानाच, ताज्या कापाला लावायची असते, त्यामुळे तुझ्या ट्रेला आता तिचा उपयोग नाही. मध, दालचिनी, कोरफड यांच्याबद्दल मला दरवर्षी विचारतात. त्यांनी बुरशीला थोडा अटकाव होत असेल, पण त्या आयबीएची जागा घेत नाहीत. आणि हार्मोन जास्त झालं तर मुळाऐवजी बूडच जळतं.

सॅक्रामेंटोहून

काका, ताई, खूप आभार. हीट मॅट आली, ट्रे गॅरेजात गेला. मोठी पानं अर्धी कापताना जीवावर आलं, पण कापली.

आता खरं मनातलं विचारते. शेजारच्या झाडाची जात कोणालाच ठाऊक नाही. मला अंगणात आपलं सोलापूरचं डाळिंब हवंय, ज्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते. माझा भाऊ उन्हाळ्यात येतोय. त्यानं तिकडच्या भगवा जातीच्या दोन-चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेतून आणल्या तर? नाहीतर बिया तरी रुजवू का?

सोलापूरहून

ताई, भावाला तसं अजिबात सांगू नका. कायद्यानं फायटोसॅनिटरी, म्हणजे रोप-काडी रोगमुक्त असल्याच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय लागवडीची काडी नेता येत नाही, विमानतळावर ती काढून घेतात. पण मी कायद्यासाठी म्हणत नाहीये.

आमच्या डाळिंबाचे हाल कशानं झाले ते मी डोळ्यांनी बघितलंय. तेल्या हा जिवाणूचा रोग, आणि तो रोगट काडीतून, रोगट रोपातून नव्या बागेत जातो. काडी दिसायला निरोगी असते, पावसाळी हवा मिळाली की पानावर आणि फळावर तेलकट डाग येतात. कुणाकडून तरी स्वस्तात आणलेल्या रोपांबरोबर आलेला तेल्या पुढे पावसाच्या थेंबांबरोबर आख्ख्या शिवारात पसरतो. त्यात मर रोग आणि खोडकिडीनं सांगोल्याकडे लोकांना उभ्या बागा उपटाव्या लागल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं जेसीबीनं काढताना बघणं फार वाईट. केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथली माणसंही पहिली गोष्ट हीच सांगतात की रोप निरोगी मातृवृक्षाचंच घ्या. कॅलिफोर्नियात डाळिंबाच्या मोठमोठ्या बागा आहेत. तिथल्या शेतकऱ्याच्या दारात आपल्या हातानं हे पोचू नये.

बियांचं म्हणाल तर रोप सहज येईल, पण ते भगवा असणार नाही. बीतून आलेलं प्रत्येक झाड वेगळं निघतं. गणेश ही जात पुण्याच्या गणेशखिंडीत १९३६ साली निवडली गेली; तेव्हापासूनचा प्रत्येक खरा गणेश कलमानं किंवा गुटीनंच, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून, पुढे आलाय, म्हणून तो गणेश राहिला. आणि जीआय काडीला नसतं, ते इथल्या भूभागात पिकलेल्या फळाला असतं. भगवा तिकडे लागला तरी फळ सॅक्रामेंटोचंच होणार, आणि त्यात वाईट काही नाही.

फ्रीमाँटहून

जातीचा प्रश्न इथेच सुटेल. कॅलिफोर्निया रेअर फ्रूट ग्रोअर्स म्हणून हौशी बागवानांची जुनी संस्था आहे, तिच्या शाखा हिवाळ्यात काड्यांची देवाणघेवाण करतात. तिथे डाळिंबाच्या नाव लिहिलेल्या काड्या येतात. पुढच्या वर्षी आपण दोघी मिळून जाऊ. बहुतेक घरांच्या अंगणात 'वंडरफुल' असतं, शेजारच्या आजोबांचंही तेच असण्याची शक्यता आहे. लाल, आंबटगोड, दाणा थोडा टणक.

सोलापूरहून

हे बेस झालं. आणि ताई, पाडव्याला रोपं वाटू नका. मूळ धरल्यावर एकेक काडी छोट्या कुंडीत घ्या, प्लास्टिक आठ-दहा दिवसांत हळूहळू उघडत न्या, रात्रीची थंडी पूर्ण सरल्यावरच बाहेर काढा आणि आधी सावलीत ठेवा. खताचा पहिला हलका हात नवीन पालवी जोरात सुरू झाल्यावर. गणपतीपर्यंत वाटण्याजोगी होतील. ज्यांना द्याल त्यांना एवढं सांगा की पहिली दोन वर्षं फुलं आली तरी खुडून टाकायची, आधी खोड होऊ द्यायचं.