विषय: नव्या घरातून निसटलेलं मांजर कुठे शोधायचं?

मंडळी, नमस्कार.
तातडीचं आहे. घर बदलून तीन दिवस झालेत आणि काल रात्री मांजरी मागच्या दारातून बाहेर गेली. कायम घरातच वाढलेली आहे. चार गल्ल्या हाका मारून झाल्या, साद नाही. जुन्या घराकडे गेली असेल का? लिटर बॉक्स (तिचा शी-शूचा वाळूचा डबा) बाहेर ठेवू का?

---

ताई, लांब फिरणं आधी थांबवा. घरात वाढलेलं मांजर अनोळखी जागी सहसा लांब पळत नाही, मिळेल त्या पहिल्या आडोशाला अंग चोरून बसतं. भेदरलं की तुमचा आवाज ओळखूनही गप्प राहतं, म्हणून साद नाही याचा अर्थ ती तिथे नाही असा धरू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के ५०० मीटरच्या आत मिळाली होती. बाहेर न जाणाऱ्या मांजरांचं अंतर तर याहूनही कमी होतं.

घरातली न उघडलेली खोकी आणि सोफ्याच्या तळाचं फाटकं अस्तर आधी तपासा. मग मागच्या दारापासून दोन्ही बाजूंची घरं. शेजाऱ्यांना नुसतं ‘लक्ष ठेवा’ सांगून भागत नाही. परवानगी घ्या आणि पायऱ्यांखाली, शेडमागे, गॅरेजमध्ये स्वतः वाकून बघा.

खरा शोध मध्यरात्रीनंतर, रस्ता निवला की. बॅटरी कानशिलाजवळ धरा. मांजराच्या डोळ्यांतून उजेड आला त्याच दिशेने परत फिरतो, त्यामुळे कमरेशी धरलेल्या बॅटरीने डोळे चमकलेले दिसतच नाहीत. दिसली तर धावू नका. तिच्याकडे बाजू करून खाली बसा, नजर वळवा, खाऊ टाका. मागे सरकली तर जागा लक्षात ठेवून निघा.

---

त्याच जागी पिंजरा लावा, दार आपोआप पडणारा. तळाला वर्तमानपत्र अंथरा, कारण उघड्या जाळीवर पाय ठेवायला मांजरं कचरतात. ट्यूना किंवा सार्डिन मासा, पाय पडला की दार पाडणाऱ्या पट्टीच्या पलीकडे, अगदी टोकाला ठेवा. अलीकडे ठेवलं तर खाऊन निघून जाईल आणि दार पडणारच नाही. दाराजवळ त्या माशाच्या डब्यातल्या तेलाचा थेंब-थेंब माग द्या. पिंजऱ्यावर चादर घाला, तोंड मोकळं ठेवा. दर दोन-तीन तासांनी बघा, उन्हात ठेवू नका. त्या भागात दुसरीकडे खाणं ठेवू नका, नाहीतर ती पिंजऱ्यात शिरणार कशाला? अडकली की घरात आणून, खोली बंद करूनच दार उघडा. बाहेर उघडलंत तर पुन्हा पळेल.

---

आणि शेजारचा बोका अडकला तर?

---

लगेच सोडा, पुन्हा लावा. म्हणूनच वापरलेली लिटर बाहेर ठेवू नये असं माझं ठाम मत आहे: त्या वासाने आसपासचे बोके येतात आणि दडलेली मांजरी आणखी आत शिरते. तिची गादी किंवा तुमचा अंगातला टी-शर्ट ठेवा.

तिच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर नोंदणीतला पत्ता आणि फोन आजच बदला. चिपवरून ती कुठे आहे ते कळत नाही. कुणी स्कॅन केल्यावर १५ आकडी नंबर मिळतो, आणि नोंद जुनी असेल तर फोन जुन्या नंबरवर जातो. प्राण्यांच्या शेल्टरला फोनवर वर्णन सांगून थांबू नका, जाऊन बघा. पोस्टरवर एक खूण मुद्दाम लिहू नका. फोन करणाऱ्याला ती विचारा, आणि मांजर डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणालाही पैसे पाठवू नका.

आठवडा उलटला तरी पिंजरा काढू नका. भुकेने बाहेर यायला काही मांजरांना दहा-बारा दिवसही लागतात. मिळाली की ठीक दिसली तरी व्हेटकडे न्या: बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठते, ते जिवावर बेतू शकतं.