बोटांइतकाच नियोजनाचा वाटा

लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज या अमेरिकी ब्लूग्रास (कंट्री संगीताचा एक प्रकार) जोडीच्या संचाचे यश हे स्क्रग्ज यांच्या तीन बोटांचे यश होते, असे मत या संचाबद्दलच्या एका चर्चेत मांडले गेले; ते बव्हंशी मान्य आहे. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांत नख्या घालून त्यांनी बँजो या तंतुवाद्यावर जी अखंड धार साधली, तिला तोड नव्हती. मात्र या चर्चेत त्यांच्या पत्नी लुईस स्क्रग्ज यांचे नावही येऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटले. १९५५च्या सुमारास लुईस यांनी कार्यक्रम ठरवण्याचे आणि पुढे सगळ्या व्यवस्थापनाचे काम हाती घेतले, आणि टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या केंद्रात, पुरुषांच्या त्या धंद्यात, हे करणाऱ्या त्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी होत्या. रॉक अँड रोलच्या लाटेत अनेक कंट्री कलाकारांचे कार्यक्रम कमी होत असताना, महाविद्यालयांतील तरुण लोकसंगीताकडे वळत आहेत हे त्यांनी वेळीच ओळखले आणि हा संच त्या श्रोत्यांपर्यंत नेला.

डिसेंबर १९६२मध्ये न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण जरूर ऐकावे. त्यात श्रोते ओरडून फर्माईश करतात ती मार्था व्हाइट या पिठाच्या जाहिरातगीताची, म्हणजे ज्या कंपनीच्या पैशांवर हा संच १९५३पासून नॅशव्हिलच्या रेडिओवर भल्या पहाटे वाजवत असे, तिच्या गीताची! टेनेसीच्या स्वयंपाकघरांतले ते गाणे त्या सभागृहात मागितले जाते, तो क्षण मला आजही भारावून टाकतो.